पाकीट विकलं, पत्र फेकलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या वाड्याची आवराआवर चालली होती. मी पोचले तेव्हा माळ्यावरची ट्रंक अंगणात उपडी केलेली होती आणि शहरातून आलेला जुन्या तिकिटांचा एक व्यापारी पाकिटं निवडत बसला होता. पंचम जॉर्जचं चित्र आणि त्यावर काळ्या शाईत छापलेली ‘आय. ई. एफ.’ ही अक्षरं असलेलं तिकीट दिसलं, किंवा लष्करी टपालाचा गोल शिक्का दिसला, की पाकीट बाजूला ठेवायचं आणि आतला कागद काढून मागे टाकायचा, असं त्याचं काम चाललं होतं. पाकिटांचे त्याने चांगले पैसे मोजले. मागे पडलेले कागद बंबात घालायला घेतले होते. मी मागितले तोवर निम्मे जळून गेले होते. उरलेले एकोणीस कागद पदरात घेऊन घरी आले, आणि ते वाचून झाल्यावर हे पत्र लिहायला बसले आहे.

‘आय. ई. एफ.’ म्हणजे पहिल्या महायुद्धात परदेशी धाडलेली हिंदी फौज. तिच्या टपालासाठी १९१४ साली साध्या तिकिटांवर ही तीन अक्षरं छापली गेली. फ्रान्सला गेलेल्या फौजेला ‘फोर्स ए’ म्हणत, मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकात गेलेल्या फौजेला ‘फोर्स डी’. आमच्या भागातली बहुतेक माणसं या दुसऱ्या फौजेत होती. जुनी माणसं मेसोपोटेमिया म्हणत नसत. ‘बसऱ्याला गेला’ एवढंच म्हणत.

त्या घरातल्या मंडळींना मी दोष देत नाही. कागद मोडी लिपीत होते. त्यांना वाटलं, कुठल्या तरी दुकानाचा हिशेब असेल. १९५० च्या सुमाराला शाळांतून मोडी गेली आणि त्याबरोबर आपल्याच आजोबा-पणजोबांची अक्षरं आपल्याला परकी झाली. मी स्वतः छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण मोडीचं अक्षर ओळखत नव्हते. निवृत्तीनंतर पुराभिलेख खात्याचा वर्ग केला. आधी कागदावर आडवी रेघ मारून तिला खाली अक्षरं लटकवत जायची, लेखणी शक्यतो उचलायची नाही, शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, पूर्णविराम नाही. पहिले पंधरा दिवस डोकं दुखतं. मग एके दिवशी ओळीतून माणूस बोलायला लागतो.

वर्ग संपल्यावर पहिली वाचली ती आमच्याच घरातली पत्रं. माझे पणजोबा ११४ क्रमांकाच्या मराठा पलटणीत होते. त्यांची १९१७ ते १९१९ मधली अकरा पत्रं आणि दोन कार्डं आईने लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवली होती. मोडी तिलाही येत नव्हती, पण ‘सासऱ्यांच्या वडिलांचं अक्षर आहे’ म्हणून तिने तो गठ्ठा कधी टाकू दिला नाही. ते त्यांचं अक्षर नव्हतंच, हे मला वाचताना कळलं. अकरा पत्रांत तीन वेगवेगळी वळणं आहेत. पणजोबांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला जो कुणी लिहिणारा मोकळा असेल त्याच्यासमोर बसून ते सांगत आणि तो उतरवून घेई.

सगळी पत्रं त्यांच्या वडिलांच्या नावे आहेत. ‘तीर्थस्वरूप’पासून सुरुवात, मग साष्टांग नमस्कार, मग येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. त्यानंतर बैलाचं विचारलं आहे. तांबडा बैल मागच्या पायाने लंगडत होता, तो आता कसा आहे? सावकाराला किती दिले? मनिऑर्डर पोचली का, आणि अंगठा कुणी दिला? तैग्रीस नदीबद्दल एके ठिकाणी सांगितलं आहे की पाणी कृष्णेपेक्षा जास्त, पण काठाला घाट नाही, देऊळ नाही, उतरायचं कुठून कळत नाही. लढाईबद्दल एक अक्षर नाही. ते लिहायची मुभाही नव्हती. टपाल तपासलं जाई, आणि आमच्या एका पत्रातल्या दीड ओळी शाईने अशा पुसल्या आहेत की उजेडापुढे धरूनही काही लागत नाही.

बायकोचं नाव कुठेच नाही. नवऱ्याने बायकोला पत्र लिहिण्याची रीतच आमच्याकडे नव्हती. पत्र यायचं ते सासऱ्याच्या नावे. ते शाळामास्तर किंवा पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्याने वाचणार, भावकी गोळा होणार, आणि जिच्यासाठी निम्मं पत्र असेल ती दाराआड उभी राहून ऐकणार. लिहितानाही तसंच. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, भोवती चार जण. म्हणून पणजोबांच्या पत्रात शेवटी ‘घरी सर्वांस नमस्कार, चिरंजीवास आशीर्वाद’ एवढंच येतं. ‘सर्वांस’ या शब्दात पणजी आहे, हे ध्यानात यायला मला दोन-तीन पत्रं लागली.

१९१८ च्या ऑक्टोबरात मेसोपोटेमियात शरकतची लढाई झाली. पलटणीच्या इतिहासात तिला मानाचं पान आहे, ११४ व्या मराठा पलटणीला या लढाईसाठी २८ शौर्यसन्मान मिळाले. त्याच दिवसांत इकडे इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली होती. मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांच्या आसपास माणसं नेली. आमच्या घरातून पणजी गेली. आजोबा तेव्हा चार वर्षांचे. परमुलखात लढाईत असलेल्या माणसाला हे कसं कळवायचं, म्हणून घरच्यांनी कळवलंच नाही. हे सगळं पणजोबांच्या पुढच्या पत्रांवरूनच कळतं, कारण घरून गेलेलं एकही पत्र शिल्लक नाही. डिसेंबरच्या पत्रात ते विचारतात, घरातल्या सर्वांची प्रकृती लिहीत जावी, कोणाचे राहून जाते. जानेवारीत विचारतात, चिरंजीवाला हल्ली कोण सांभाळते?

त्यानंतरचं कार्ड मार्च १९१९ चं. ते मोडीत नाही, बालबोध म्हणजे देवनागरी अक्षरांत आहे. काना कुठे, मात्रा कुठे, ओळी खाली घसरलेल्या, ‘ळ’ उलटा. त्यात लिहिलं आहे की मी आता स्वतः लिहितो, गड्यांनी शिकवलं. आणि लगेच पुढे, ‘पोराची आई का बोलत नाही ते खरे कळवा’.

संपादक महोदय, ज्याला अक्षर येत नव्हतं तो माणूस पस्तिशीच्या पुढे पाटी-पेन्सिल घेऊन बसला, तो ही एक ओळ दुसऱ्याकडून लिहून घ्यायची नव्हती म्हणून. निदान मला तरी दुसरं कारण दिसत नाही. त्याला उत्तर काय गेलं, गेलं की नाही, ते आम्हाला ठाऊक नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ते परतले आणि वेशीवरच त्यांना सांगितलं, असं आजोबा म्हणत. पणजीचा फोटो नाही, कुठल्या दप्तरात नाव नाही. गावात लढाईला किती गेले आणि किती मेले याचा दगड बसवलेला आहे, त्यात तिला जागा असायचं कारणच नाही. ती होती आणि तिच्यावाचून कुणाचं तरी अडत होतं, याचा लेखी पुरावा म्हणजे ते एक पैशाचं कार्ड.

आमच्या शेजारच्या घरातला एक जण मेसोपोटेमियातल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडला. १९१५ च्या डिसेंबरपासून पुढच्या एप्रिलच्या २९ तारखेपर्यंत तो वेढा चालला. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शेवटी घोडे, खेचरं मारून खायची पाळी आली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्या शेजारच्या घरात पत्राचा एक कपटाही नाही. तो माणूस परत आला नाही. त्यांच्याकडे त्याचं फक्त एक पितळी पदक आहे, आणि ते सांभाळून ठेवलेलं आहे.

पत्रं कुणाची टिकतात, हे पाहिलं की मन खट्टू होतं. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डला गेले, बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. त्यांचं तिकडून लिहिलेलं जपलं गेलं, छापलं गेलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच काळात त्याच मुंबई बंदरातून बोटीत बसलेल्या हजारो शिपायांचं, खलाशांचं, आचाऱ्यांचं, खेचरवाल्यांचं काय? फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांवर नजर ठेवायला सरकारने बुलोन इथे कचेरी उघडली होती, कॅप्टन हॉवेल तिचे प्रमुख होते. शिपाई उघड लिहू शकत नसत, म्हणून काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असं लिहीत. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. कचेरीतल्यांनी ते ओळखलं. त्या कचेरीने इंग्रजीत उतरवून घेतलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत व्यवस्थित आहेत. मूळ पत्रं पुढे गावोगाव गेली. ज्यांनी चोरून वाचली त्यांच्याकडे नक्कल राहिली, आणि ज्यांच्यासाठी लिहिली त्यांच्या घरी अस्सल पत्र बंबात गेलं. त्या उताऱ्यांत उर्दू, गुरुमुखी, हिंदीतली पत्रं फार, मराठी अगदी थोडी. म्हणजे मराठी शिपाई काय लिहीत होता ते लंडनला जाऊनही फारसं सापडायचं नाही. ते असलंच तर आपल्या माळ्यावर आहे.

मी ती वाचवलेली पत्रं घेऊन एका संस्थेत गेले होते. तिथल्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कुणा प्रसिद्ध व्यक्तीची आहेत का?’ नाही म्हटल्यावर त्यांनी गठ्ठा सोडूनही पाहिला नाही. संस्थांकडे जागा कमी, माणसं कमी, हे मी समजू शकते. पण तो प्रश्न मनाला लागला.

म्हणून आपल्या वाचकांना माझं सांगणं आहे. घर पाडताना, वाटण्या होताना, जुन्या ट्रंका आधी उघडून बघा. मोडी कागद हिशेबाचा वाटला तरी फेकू नका. मनिऑर्डरच्या फॉर्मखालची कुपनंसुद्धा ठेवा. मुंबईच्या गिरणीतून कोकणात पैसे पाठवणाऱ्या चाकरमान्याचं वर्षाचं सगळं बोलणं कधीकधी त्या दोन बोटं जागेत मावलेलं असतं. पत्र लॅमिनेट करू नका, त्याने कागद कायमचा जातो. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग पुढे अक्षर खातो. धुतलेल्या मऊ सुती कापडात सपाट ठेवा, कसर लागणार नाही एवढं पाहा, आणि दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून दोन्ही बाजूंचा फोटो काढा. पाकीट विकायचंच असेल तर विका, अडचण प्रत्येकाला असते. पण आतलं पत्र आधी काढून घ्या, आणि ते कुणी कुणाला लिहिलं हे घरातलं म्हातारं माणूस आहे तोवर विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

आणि आपल्याला विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत हातभर जागा द्यावी. दर आठवड्याला एका घरातलं एक पत्र, वर मूळ मोडीचा फोटो आणि खाली बालबोधात त्याचा मजकूर. संपादन, पॉलिश काही नको. बैल लंगडतोय तर लंगडतोय. घरच्यांची परवानगी मी मिळवीन. मोडी वाचणारी आम्ही सात-आठ जणं जिल्ह्यात आहोत, वाचून देण्याचे पैसे कुणी घेणार नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, वाचकांनी तो तिथे मागून घ्यावा.

त्या एकोणीस कागदांपैकी चौदा मला लागले. पाच पत्रांच्या कडा जळल्या आहेत, त्यामुळे तारीख आणि नावं गेली. त्यातल्या एकात बहिणीच्या लग्नाला येता येत नाही म्हणून तिच्यासाठी बसऱ्याच्या बाजारात घेतलेल्या चार बांगड्या कुणा जोडीदाराबरोबर पाठवल्याचं लिहिलं आहे. जोडीदाराचं गाव जळालेल्या भागात होतं. बांगड्या पोचल्या का, हे कुणाच्या घरी सांगितलं जात असेल तर मला कळवावं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा