चित्रफीत पसरवणारे नामानिराळे, दोष मात्र मुलीला

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून ३१ वर्षांच्या नोकरीनंतर मी क्रीडाशिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि आजही आमच्या वाडीतल्या देवळासमोरच्या पटांगणात संध्याकाळी मुलींचा कबड्डीचा सराव घेते. गेल्या हंगामात घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शिमग्यानंतर तालुक्याच्या गावी झालेल्या प्रकाशझोतातील स्पर्धेत आमच्या मुली अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या. सामना संपायला अर्धे मिनिट उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणारी आमची मुख्य चढाईपटू शेवटच्या चढाईला गेली. निदान रेषा, म्हणजे चढाई ग्राह्य धरली जाण्यासाठी ओलांडावी लागणारी रेषा, ओलांडून तिने कोपऱ्यातल्या खेळाडूकडे पाय टाकला, तिचा घोटा धरला गेला आणि मध्यरेषेकडे झेपावताना तिघींनी तिला खाली दाबले. आम्ही हरलो. त्याआधी याच मुलीने एकटीने ११ गुण मिळवले होते आणि एका चढाईत तीन गडी बाद करून आम्हाला लोणापासून, म्हणजे सगळा संघ बाद होण्यापासून, वाचवले होते, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण नंतर ते कोणीही बोलले नाही.

सामन्याचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू होते. त्या झटापटीतले चार-पाच सेकंद कोणीतरी कापून घेतले, त्यावर घाणेरडा मजकूर लिहिला आणि सकाळपर्यंत ती चित्रफीत आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येऊन पोहोचली. ती कोणी कापली, कोणी पुढे पाठवली, याची चौकशी करावी असे एकाही वडीलधाऱ्याला वाटले नाही. मुलींनी असले अंगाला अंग लागणारे खेळ खेळावेतच कशाला, वस्तीच्या एसटीने घरी परतणाऱ्या मुलीचे दुसरे काय होणार, आईनेच तिला डोक्यावर चढवून ठेवले आहे, आता हिला स्थळ कोण आणणार, अशी बोलणी मात्र घरोघर झाली. आठवड्याभरात वडिलांनी तिचा सराव बंद केला. तिची आई, जी पहाटे उठून मासळीची टोपली बाजारात नेते आणि मुलीच्या बुटांसाठी पैसे बाजूला ठेवत असे, ती त्यानंतर कितीतरी दिवस पाणवठ्यावर बायकांशी बोलायची टाळत होती.

मला वाटते, चित्रफीत कापणाऱ्याला धीर आला तो त्याच रात्री मैदानावर. मुलांच्या सामन्यात कोणाची पकड कुठे सुटली, बोनसची रेषा कोणी नीट साधली, हे तपशिलाने सांगणारा समालोचक मुलींचा सामना सुरू होताच त्यांच्या वेण्यांवर, रंगावर आणि ‘लग्नानंतर नवऱ्याची अशीच पकड करणार का’ अशा विनोदांवर उतरला आणि मंडपातले लोक हसले. ज्या मुलीकडे तासभर खेळाडू म्हणून पाहायला कोणी शिकवलेच नाही, तिची चित्रफीत पसरवताना हात थरथरेल कशाला? त्या रात्री मीही उठून त्याला थांबवले नाही, याची मला खंत आहे.

हा दोष आमच्या तालुक्यापुरता असता तर मी वर्तमानपत्रात लिहिले नसते. २०१५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात सिडनीला विराट कोहली एका धावेवर बाद झाला आणि शिव्या पडल्या त्या प्रेक्षकांत बसलेल्या अनुष्का शर्माला. पुढच्या वर्षी खुद्द कोहलीला समाजमाध्यमावर त्याचा जाहीर निषेध करावा लागला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू वंदना कटारिया हिचा संघ अर्जेंटिनाकडून हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजवून कुटुंबाला जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली. त्याच ऑलिम्पिकच्या काळात जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने १६१ खेळाडूंच्या ट्विटर खात्यांचा अभ्यास करवून घेतला. त्यात आढळलेल्या अपमानास्पद संदेशांपैकी ८७ टक्के महिला खेळाडूंना उद्देशून होते. कपड्यांवरून बोलणाऱ्यांनी नॉर्वेचा संघ आठवावा. २०२१ मध्ये बीच हँडबॉलच्या युरोपीय स्पर्धेत त्या मुलींना १,५०० युरोंचा दंड झाला, कारण त्या बिकिनीऐवजी अंग अधिक झाकणारी चड्डी घालून खेळल्या. आमच्याकडे हाफ चड्डी नको म्हणतात, तिकडे ती फार मोठी झाली म्हणून दंड झाला आणि दोन्हीकडे निर्णय खेळणारीचा नव्हता.

मला सर्वांत जास्त त्रास झाला तो इंदूरच्या घटनेने. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वचषकासाठी आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या दोन क्रिकेटपटू हॉटेलमधून कॅफेकडे पायी जात असताना एका दुचाकीस्वाराने त्यांचा पाठलाग करून विनयभंग केला. पोलिसांनी त्याला पकडले. परंतु मध्य प्रदेशातील एका मंत्र्यांनी खेळाडूंनी बाहेर पडताना प्रशासनाला कळवायला हवे होते, त्यांनाही यातून धडा मिळेल, अशा आशयाचे विधान केले. आमच्या वाडीत जे एसटीच्या वेळेवरून बोलले गेले, त्यात आणि या विधानात मला काही फरक दिसत नाही.

येत्या हंगामात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. समालोचकाला आधीच ताकीद द्यावी आणि त्याने ती मोडली तर सामना चालू असतानाच त्याच्या हातून माइक काढून घ्यावा. थेट प्रक्षेपणाखालच्या प्रतिक्रिया मुलींच्या सामन्यांत बंद ठेवता येतात, त्याला पैसे लागत नाहीत. अशी चित्रफीत फिरू लागली तर तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः जावे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे आणि तो नोंदवण्याचे ओझे मुलीच्या बापावर टाकू नये.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. मुलांच्या सामन्यांच्या बातमीत चढाया, पकडी आणि गुण येतात, तर मुलींच्या बातमीत ‘रणरागिणी’ हा शब्द, पाहुण्यांची नावे आणि बक्षीस समारंभाचे छायाचित्र येते. आमच्या मुलीचे ११ गुण दुसऱ्या दिवशी छापून आले असते, तर तिच्या वडिलांच्या हातात दाखवायला एक कागद तरी असता.

तिने खेळणे सोडलेले नाही, ती घरामागच्या मळ्यात एकटीच धावते, असे तिची आई मला सांगते. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. येत्या रविवारी मी पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
जि. रत्नागिरी