तक्रार घेतलीच नाही, मग 'तक्रार नाही' कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा आणि वंशभेद या विषयावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकाचा सूर सौम्य आहे आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण 'हा मुळात गोऱ्या-काळ्यांच्या देशांचा प्रश्न. आपल्या शाळांतून अशी तक्रार ऐकिवात नाही' हे त्यांचे विधान मला मान्य नाही. शाळेत उभी हयात काढलेली शिक्षिका म्हणून सांगते, तक्रार ऐकिवात नाही याचे कारण ती ऐकून घेतली जात नाही. हे पुण्यात, माझ्यासमोर घडले आहे.

आमच्या सोसायटीत शिलाँगचे एक खासी कुटुंब भाड्याने राहते. आई नर्स, मुलगी सहावीत. मराठीचा अभ्यास करायला ती माझ्याकडे येते आणि आता जोडाक्षरेही न अडखळता वाचते. शाळेच्या बसमध्ये तिला 'चिनी', 'मोमो' म्हणत. आईने ते बरेच दिवस सोडून दिले. मग गॅदरिंग आले. देशोदेशीचे नाच बसवायचे होते. बाईंनी तिला न विचारता चीनमध्ये घातले आणि भर वर्गात म्हणाल्या, "तुझा चेहरा अगदी फिट बसतो, मेकअपसुद्धा लागणार नाही." मुलगी उभी राहून म्हणाली, "टीचर, मी भारतातलीच आहे." वर्ग हसला. बाईही हसल्या.

आईने अर्ज लिहिला. मराठी मी तपासून दिले आणि आम्ही दोघी शाळेत गेलो. लिपिकाने अर्ज वाचला, समोरची आवक नोंदवही उघडली नाही, कागद घेऊन आत गेला. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला बोलावले, बसायला सांगितले, चहाही विचारला. आणि अर्ज परत दिला. म्हणाल्या, "मॅडम, मुलं आहेत, चेष्टा करणारच. हे लेखी घेतलं की वर उत्तर द्यावं लागतं. आपण तोंडीच मिटवू." मी पोच मागितली, ती मिळाली नाही. भिंतीवर तक्रारपेटी होती, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणाऱ्या सखी सावित्री समितीचा फलकही होता. त्याबद्दल विचारले तर उत्तर आले की हा विषय त्यांच्याकडे येत नाही.

मिटवले ते असे. पुढच्या सोमवारी मुलीची तुकडी बदलली. चिडवणारी मुले 'अ' तुकडीत आहेत तशीच राहिली, बाईही त्याच. तिची एकुलती एक मैत्रीण 'अ' मध्ये, ही 'ब' मध्ये. गॅदरिंगमधून तिने आपण होऊन नाव काढून घेतले. त्या संध्याकाळी तिच्या आईने मला एवढेच विचारले, "आंटी, सेक्शन उसका क्यों बदला?"

संपादक महोदय, शाळेत खडूच्या खोक्याचीही नोंद होते. कोण पाहुणे आले, काय म्हणाले, हे शेरेबुकात लिहिले जाते. मग एका आईने हातात दिलेला कागद वहीत चढवायला काय अडले? वहीत चढला असता तर तो क्रमांक कोणालातरी मिटवावा लागला असता. म्हणूनच तो चढवला नाही. अशा शाळेकडे उद्या शासनाने माहिती मागवली, तर 'तक्रारी : निरंक' असे उत्तर जाईल, आणि कालच्यासारखे लेख त्याच निरंकाच्या आधारावर लिहिले जातील.

हा प्रश्न परदेशातून आलेला नाही. संविधानाच्या 15 व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे सगळे शब्द स्पष्ट आहेत. 29 व्या कलमात तर सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, भाषा यांवरून कोणाला नाकारता येणार नाही, असे म्हटले आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष स्वतः साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसलेले विद्यार्थी होते. शाळा एखाद्या मुलाची जागा त्याच्या जन्मावरून ठरवू शकते, हे या राज्याला कोणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही.

'मोमो म्हटल्याने काय होते' असे विचारणाऱ्यांसाठी लिहिते. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलच्या नीडो तानिया या विद्यार्थ्याची दिसण्यावरून आणि केसांवरून चेष्टा झाली. वाद झाला, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर ईशान्येच्या लोकांच्या अडचणी पाहायला केंद्राची बेझबरुआ समिती नेमली गेली. शाळकरी मुलांना ईशान्येचा इतिहास आणि माणसे माहीत झाली पाहिजेत, हे तिने त्याच वर्षी सांगितले. एनसीईआरटीने 2017 मध्ये पूरक पुस्तकही काढले. ते आमच्या भागातल्या एकाही वर्गात उघडलेले मी पाहिलेले नाही. आणि दिल्ली कशाला? ऑगस्ट 2012 मध्ये याच पुण्यातून ईशान्येची मुले हल्ल्यांच्या अफवांच्या भीतीने गाड्या भरभरून घरी परत गेली. तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो.

आता दुसरी बाजू. माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्या मुलाला वर्गातला एक जण म्हणाला, "तुझा रंग मातीचा आहे, हात धुऊन ये." त्याच दिवशी शाळेतून बहिणीला फोन आला. काय घडले, कोण काय बोलले, शाळेने काय केले, याची लेखी नोंद झाली. दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांना बोलावले. काही आठवड्यांनी शिक्षकांनी परत फोन करून विचारले, पुन्हा असे झाले का? आणि भाचा आपल्या वर्गात, आपल्या बाकावरच राहिला.

इंग्रज जात्याच भले आहेत म्हणून हे झाले नाही. 1986 मध्ये मँचेस्टरच्या बर्नेज शाळेच्या मैदानात अहमद इक्बाल उल्ला या तेरा वर्षांच्या मुलाला त्याच शाळेतल्या मुलाने भोसकून मारले. 1993 मध्ये लंडनमध्ये बसची वाट पाहणाऱ्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला. त्या खुनाच्या तपासाची चौकशी होऊन फेब्रुवारी 1999 मध्ये मॅक्फर्सन अहवाल आला. त्याच्या 70 शिफारशींतल्या काही शाळांसाठी होत्या : अशी प्रत्येक घटना नोंदवा, पालकांना कळवा, आकडा दरवर्षी जाहीर करा. पुढे 2000 च्या कायद्याने वंशसमानतेचे लेखी धोरण शाळांना बंधनकारक झाले. नंतर तिथेही ढिलाई आली. आकडे वर कळवण्याची सक्ती राहिली नाही आणि सगळ्याच शाळा सारख्या काळजीने वागत नाहीत, असे बहीण सांगते. पण नोंद करायची सवय लागली आहे, आणि माझ्या भाच्याला उपयोग झाला तो त्या सवयीचा.

माझी शिक्षण खात्याकडे मागणी एकच आहे. वंश, जात, रंग, प्रदेश यांवरून झालेल्या प्रत्येक तक्रारीची शाळेत वेगळी नोंदवही असावी, पालकाला त्याच दिवशी पोच मिळावी आणि तक्रार करणाऱ्या मुलाची तुकडी त्याच्या घरच्यांच्या लेखी इच्छेशिवाय बदलू नये. याला निधी लागत नाही. शंभर पानी वही आणि रबरी शिक्का पुरतो.

आणखी एक गोष्ट, ती तुमच्यासाठी. ज्या वृत्तपत्रात समानतेवर लेख येतो, त्याच वृत्तपत्रात रविवारी 'गोरी वधू पाहिजे' या जाहिराती रकानेच्या रकाने येतात. शाळेतल्या मुली त्या वाचतात. माझ्या सावळ्या विद्यार्थिनी गॅदरिंगच्या नाचात कायम मागच्या रांगेत असत. पुढे कोणाला घ्यायचे हे ठरवणाऱ्या बाईंच्या घरीही तुमचाच अंक येत असे. रंगाचा उल्लेख असलेली जाहिरात घ्यायची नाही, असे तुम्ही ठरवू शकता. पैसे बुडतील हे मला कळते, तरीही विनंती करते.

पत्र लांबले आहे. काटछाट करायची झाली तर इंग्लंडचा मजकूर कमी करा. मुख्याध्यापिकाबाईंचे उत्तर आणि तुकडी बदलल्याची हकिगत मात्र पूर्ण छापा. शाळेचे नाव मी मुलीसाठी लिहिलेले नाही. तिला अजून तिथेच शिकायचे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे