फडावरची बातमी फडावरच्या बाईने लिहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाल्यावर आपल्या अंकात ऊसतोडीला फडावर, म्हणजे उसाच्या रानात, निघालेल्या टोळीचा फोटो आला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, लेकरे आणि मधोमध बसलेली एक बाई. खाली ओळ होती, ‘पोटासाठी स्थलांतर’. त्या बाईचे नाव कुठेच नव्हते. मला क्लॉडिया जोन्स आठवली.

क्लॉडियाचा जन्म १९१५ चा, कॅरिबियन बेटांपैकी त्रिनिदादचा. कोकोचा बाजार पडला, घर बसले आणि १९२४ साली ही पोर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आली. आई शिवणकारखान्यात राबायची. तिथे मशीनवरच तिने जीव सोडला. क्लॉडियाला ऐन सतराव्या वर्षी क्षय झाला. वाचली, पण फुप्फुसे कायमची अधू झाली. पुढे ती पत्रकार झाली, कम्युनिस्ट पक्षात गेली, त्यापायी तुरुंगात बसली आणि १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेने तिला हद्दपार केले. चाळिशीत, आजारी अंगाने, ती लंडनला उतरली.

तिथे मार्च १९५८ मध्ये ब्रिक्स्टन भागात तिने ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ काढले. पैशाची ओढाताण कायमची. पण बेटांवरून पोटामागे आलेल्या माणसांना आपल्या गावाकडची खबर आणि इथल्या अन्यायाची दखल एकाच कागदावर मिळू लागली. त्याच वर्षी लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. क्लॉडियाने ३० जानेवारी १९५९ ला, ऐन थंडीत, सेंट पँक्रासच्या टाऊन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवले. बीबीसीने ते दाखवले. जमलेल्या पैशातून दंगलीत पकडलेल्या पोरांचे दंड भरायला हातभार लागला. वर्तमानपत्र चालवणाऱ्या बाईने हेही आपलेच काम मानले, याचे मला फार अप्रूप वाटते.

१९६४ च्या नाताळात ती गेली, अवघ्या ४९ व्या वर्षी. तिच्यामागे गॅझेट वर्षभरही टिकले नाही. एकाच बाईच्या खांद्यावर सगळा भार होता.

संपादक महोदय, मी धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. दिवाळीनंतर माझा निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. सहावीतली एक मुलगी दरवर्षी आईबापाबरोबर जायची. एका उन्हाळ्यात ती परतली तेव्हा तिच्या वहीत अख्ख्या टोळीचा हिशेब होता: कोणत्या कोयत्याने (तोडणाऱ्या जोडप्याने) किती टन तोडला, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) किती फिटली, कोण बाळंत झाली, कोणाचा बैल मेला. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे झोपडीपाशी, बाया तिच्याभोवती बसून म्हणायच्या, ‘वाच गं, माझं काय लिवलंस?’ मी त्या वहीत शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. ते वर्तमानपत्र होते, हे मला तेव्हा कळले नाही. ती सल अजून आहे.

२०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. फडावर मात्र ते बायकांच्या बोलण्यात कितीतरी आधीपासून होते. त्यांचे बोलणे छापणारी जागा असती, तर इतकी वर्षे गेली असती का?

म्हणून विनंती आहे. हंगाम सुरू झाल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोड संपेपर्यंत, दर आठवड्याला एक रकाना ऊसतोड बायकांना द्यावा. त्यांच्यावर लिहिलेला नको, त्यांनी सांगितलेला, त्यांच्या बोलीत. ज्यांची तयारी असेल त्यांच्या नावानिशी. मुकादमाची भीती असेल तिथे नाव झाकावे. आणि इतर लेखकांना देता तसे मानधन द्यावे. आता टोळीत कोणाकडे ना कोणाकडे मोबाइल असतोच, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. तो ऐकून कागदावर उतरवण्याचे काम मी करीन. या वेळी चुका काढणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
धारूर, जि. बीड