अर्ज पाठवायच्या आधी हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. महिनोन्महिने परदेशातल्या कंपन्यांना अर्ज पाठवतोयस, धड नकारसुद्धा येत नाही आणि आता तुला वाटायला लागलंय की आपल्यातच काहीतरी कमी आहे. हे आधी मनातून काढून टाक. तुझं काम मी जवळून बघितलंय. मला तर वाटतं तुझे निम्मे अर्ज कुणी वाचलेच नसतील, कारण फॉर्ममध्ये तो एक प्रश्न असतो ना, इथे काम करायची परवानगी आहे का, स्पॉन्सरशिप (म्हणजे कंपनीनं तुझ्या व्हिसाची जबाबदारी घेणं) लागेल का, तिथे 'लागेल' म्हटलं की बऱ्याच ठिकाणी अर्ज तिथेच बाजूला पडतो. त्या कंपनीला परदेशी माणूस घ्यायची परवानगीच नसते, किंवा असली तरी तो खर्च आणि कागदपत्रांची भानगड नको असते. आणि कुणी कितीही सांगितलं तरी तिथे खोटं लिहू नकोस, व्हिसाच्या वेळी ते उघड होतंच.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की शोध उलट्या बाजूनं सुरू कर. जाहिरात बघून कंपनी शोधू नकोस, आधी बघ की कायद्यानं तुला घेऊ कोण शकतं, आणि मग त्यांच्यातच जागा शोध. ही माहिती उघड असते रे, लोक बघत नाहीत. ब्रिटनमध्ये होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं, लायसन्स असलेल्या कंपनीलाच स्किल्ड वर्कर व्हिसावर माणूस आणता येतो आणि त्या सगळ्या कंपन्यांची यादी सरकार स्वतः प्रसिद्ध करतं. नेदरलँड्समध्येही तसंच, तिथलं इमिग्रेशन खातं मान्यताप्राप्त स्पॉन्सर कंपन्यांचं रजिस्टर सगळ्यांसाठी खुलं ठेवतं. फक्त यादीत नाव आहे म्हणून हुरळून जाऊ नकोस, त्या जागेचा पगार अटीत बसतो का तेही बघ. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून साधारण नियम वर्षाला किमान ४१,७०० पौंड किंवा त्या कामाचा ठरलेला दर, यातलं जे जास्त असेल ते. काही लोकांना सवलत आहे पण तुझ्या वयात आणि अनुभवात ती धरून चालू नकोस.

अमेरिकेचं तू विचारलंस. मन मोडायचं नाहीये तुझं, पण सगळी मदार त्यावर ठेवू नकोस. एच-१बी, म्हणजे तिथला कामाचा व्हिसा, वर्षाला नवे ८५,०००च, त्यातले २०,००० तिथलीच मास्टर्स किंवा त्यावरची डिग्री घेतलेल्यांसाठी राखीव, रजिस्ट्रेशन मार्चमध्ये आणि काम सुरू १ ऑक्टोबरपासून, म्हणजे एखाद्या मॅनेजरला तू कितीही आवडलास तरी त्याला अर्धं वर्ष थांबायचं आणि तरीही तुझी निवड होईल याची खात्री नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर लावायचा आदेश निघाला. युनिव्हर्सिटीज आणि ना-नफा संशोधन संस्था त्या ८५,००० च्या मर्यादेबाहेर आहेत, तेवढं मात्र ध्यानात ठेव.

तुझ्यासाठी मला सगळ्यात जास्त पटतं ते जर्मनी, आणि हे मी नुसतं ऐकून सांगत नाहीये. जून २०२४ पासून तिथे चान्सनकार्ट म्हणून एक गोष्ट सुरू झालीय, नोकरी हातात नसताना एक वर्ष तिथे राहून शोधायची परवानगी. डिग्रीला तिथली पूर्ण मान्यता असेल तर पॉइंट्सची गरज नाही, नाहीतर अनुभव, भाषा, वय वगैरेंचे मिळून किमान ६ पॉइंट्स लागतात आणि राहायला पुरतील एवढे पैसे दाखवावे लागतात. शोधता शोधता आठवड्याला २० तासांपर्यंत पार्ट-टाइम कामही करता येतं. समोर बसून इंटरव्ह्यू देणाऱ्या माणसाला कंपनी वेगळ्या नजरेनं बघते, हे मी हायरिंगच्या मीटिंगमध्ये बसून पाहिलंय. 'कधीपासून येऊ शकता' या प्रश्नाला लगेच उत्तर मिळालं की सगळ्यांचे चेहरे बदलतात.

त्याआधी अनाबिन नावाच्या त्यांच्या डेटाबेसमध्ये तुझी युनिव्हर्सिटी बघ, तिच्यापुढे एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का आणि तुझी डिग्री तिथे नोंदलेली आहे का. नसेल तर डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि त्यात वेळ जातो, म्हणून ते आजच बघ. मार्कशीट, अनुभवाची पत्रं, लग्नाचा दाखला हे सगळं आत्ताच गोळा करायला लाग, जुन्या कंपनीकडून पत्र मिळवायला किती फेऱ्या माराव्या लागतात ते तुला माहितीच आहे.

आता वहिनींचं, आणि हे मला तुझ्या नोकरीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तू इंजिनिअर आहेस, सॉफ्टवेअरमध्ये सहसा कुणी लायसन्स मागत नाही. त्या नर्स आहेत आणि नर्सिंग जवळपास सगळीकडे नियंत्रित पेशा आहे, डिग्री आणि अनुभव असूनही तिथल्या नोंदणीशिवाय नर्स म्हणून एक दिवससुद्धा काम करता येत नाही. जर्मनीत साधारण बी-२ पातळीची (म्हणजे कामावर सहज बोलता येईल एवढी) जर्मन भाषा आणि डिग्रीची मान्यता लागते, अभ्यासक्रमात तफावत निघाली तर पूरक कोर्स किंवा परीक्षा. ब्रिटनमध्ये इंग्रजीचा पुरावा, कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि नंतर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा. म्हणजे त्यांची तयारी तुझ्यापेक्षा आधी सुरू व्हायला हवी. आणि नवरा किंवा बायको म्हणून गेलेल्याला काम करता येतं का, हे देशागणिक बदलतं. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा युरोपातला कामाचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला जर्मनीत मोकळेपणानं काम करता येतं, पण एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला ग्रीन कार्डचा एक ठरावीक टप्पा पार होईपर्यंत सहसा नाही. इतकी वर्षं रात्रपाळ्या करून उभं केलेलं करिअर तुझ्या ऑफर लेटरपायी घरी बसावं हे मला अजिबात पटणार नाही. दोघं मिळून देश ठरवा.

तो एजंट, जो 'गॅरंटी जॉब' म्हणून आगाऊ पैसे मागतोय, त्याला एक रुपया देऊ नकोस. नोकरी लावून देण्याची फी कामगाराकडून घ्यायची नाही हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारातलं मूळ तत्त्व आहे, अपवाद मोजके. ब्रिटनच्या नावानं पैसे घेऊन स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट विकणारेही फिरतायत. वकिलाला व्हिसाच्या कामाची फी देणं वेगळं आणि नोकरी विकत घेणं वेगळं.

इंटरव्ह्यूमध्ये स्पॉन्सरशिपचा विषय पहिल्याच कॉलला काढ, एचआरशी बोलतानाच. लोक घाबरतात की लगेच नाही म्हणतील, पण चार राउंडनंतर नाही ऐकण्यापेक्षा ते बरं. आणि स्वतः माहिती घेऊन बोल, 'मला अमुक परवाना लागेल, तुमच्या बाजूनं एवढी कागदपत्रं' असं सांगितलंस की छोट्या कंपन्यांची भीती बरीच कमी होते. ऑफर आली की नोकरी गेल्यास तिथे राहून दुसरी शोधायला किती दिवस मिळतात ते बघ, एच-१बी वर जास्तीत जास्त ६० दिवस. निघताना तेवढ्या काळाचे पैसे बाजूला असू देत.

सीव्ही पाठव मला, आहे तसा, सजवत बसू नकोस. रविवारी फोनवर बसू आणि वहिनींनाही घे, त्यांचं नोंदणीचं सगळं आधी समजून घेऊ आणि मगच देश पक्का करू.

तुझाच

ता. क. अनाबिनमध्ये युनिव्हर्सिटी सापडली की स्क्रीनशॉट टाक लगेच, रविवारची वाट बघू नकोस.