शेळ्यांची वाट

सोलापूर
२७ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "नकाशा हातात, होकायंत्र हातात, मग वाट निवडायची ती काय? सरळ जायचं की!" स्टँडवर गलका होता म्हणून तेव्हा नुसतं हूं हूं केलं. पण तुझं वाक्य काही डोक्यातून जाईना. रविवारी आपली ओरिएंटिअरिंगची, म्हणजे नकाशा वाचत रानातले झेंडे शोधत पळायची, शर्यत झाली. आता सवडीने लिहितो.

एनसीसीच्या कॅम्पात आपण प्रिझ्मॅटिक कंपासवर बेअरिंग घेऊन नाकासमोर चालत सुटायचो, आठवतं? तुझ्या मनात अजून तेच असणार. ओरिएंटिअरिंगच्या नकाशावर एका कंट्रोलपासून, म्हणजे झेंडा लावलेल्या ठिकाणापासून, दुसऱ्यापर्यंत जांभळी रेघ ओढलेली असते, पण त्या रेघेवरून जायची सक्ती कुणावर नसते. कुठून जायचं ते ज्याचं त्याने पळता पळता ठरवायचं. दोन वाटा दिसायला अगदी वेगळ्या आणि वेळेला जवळपास सारख्या निघाल्या, तर लेग, म्हणजे दोन कंट्रोलमधला टप्पा, जमला. एकच वाट शहाणपणाची असेल तर नुसती धावाधाव होते.

आता सोलापुरात हे जमवायचं कसं, सांग. १८९७ साली नॉर्वेत ऑस्लोजवळ या खेळाची पहिली जाहीर स्पर्धा झाली. तिकडे जंगलच जंगल. म्हणून नकाशावर पांढरा रंग म्हणजे पळता येण्याजोगं जंगल, आणि उघडी जमीन पिवळी. आपला नकाशा काढला तेव्हा सगळा कागद हळद सांडल्यासारखा पिवळा झाला. हिप्परगा तलावापलीकडचा माळ तू पाहिलायस. उंचसखल म्हणावं तर एक टेकाड आणि एक ओढा. पण दोन महिने दर रविवारी हिंडलो तेव्हा कळलं, की माळ सपाट असला तरी मोकळा नाही. ताली आहेत, घायपाताची कुंपणं आहेत, वेड्या बाभळीची रानं आहेत. आणि जानेवारीत मालदांडी ज्वारी पुरुषभर उंच. शेतकऱ्याने परवानगी देताना एकच अट घातली, "ज्वारीत पाय घालू नका, बाकी रान तुमचंच." त्या तुकड्यांवर जांभळ्या तिरक्या रेघा मारल्या, म्हणजे तिथं जायला बंदी. त्या ज्वारीने माझं निम्मं काम केलं. जिथं सरळ जाता आलं असतं, तिथं डावीकडून की उजवीकडून हा प्रश्न आपोआप उभा राहिला.

टेकाडाचा लेग बघ. दोनवरून तीनवर जायचं. नकाशा १:१०,००० चा, रेघ सहा सेंटिमीटर, म्हणजे ६०० मीटर. मध्ये चार समोच्च रेषा, पाच-पाच मीटरच्या, म्हणजे २० मीटर चढ. चढाचा एक मीटर सपाटीवरच्या साधारण दहा मीटरइतका धरायचा, असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे सरळ वाट पडली ८०० ची. टेकाडाला वळसा घालून गाडीवाटेने गेलं तर ७८०. हा हिशेब कागदावर जुळला त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता.

पण लिहायचंय ते पाच ते सहाबद्दल. मध्ये ओढा. सरळ ४५० मीटर, पण ओढ्याच्या काठाने वेडी बाभूळ माजलेली. नकाशात तिथं गडद हिरवा, म्हणजे शिरूच नये. खालच्या बंधाऱ्यावरून फिरून गेलं तर ७००. बंधाराच जिंकणार, पण थोडक्यात, असा माझा अंदाज. खास या लेगसाठी दोन्ही टोकांना आम्ही घड्याळ घेऊन बसलो. मी पाचवर, लिंबाखाली.

नववीतली एक पोरगी आली. पोचल्याची खूण म्हणून पंच मारला, नकाशा अंगठ्याखाली धरला आणि बंधाऱ्याकडे दहा पावलं गेलीही. मग थांबली. खाली वाकून बघायला लागली. मला वाटलं, बुटात काटा गेला. जमिनीवर शेळ्यांच्या लेंड्या होत्या, ओल्या, काळ्याभोर, ओळीने ओढ्याकडे गेलेल्या. पोरीने मान वर केली, बाभळीकडे पाहिलं, आणि शेळीएवढ्या फटीतून वाकून आत शिरली. साडेतीन मिनिटांत सहावर. बंधाऱ्यावरून गेलेल्यांत सगळ्यात वेगवान कॉलेजचा पोरगा, त्याला सव्वाचार लागली.

सगळ्यांनी तोच लेग उचलून धरला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना दुसरा विषय नव्हता. त्या पोरीचं कौतुक मलाही आहे, तिचे डोळे तिने कमावलेले आहेत. पण मित्रा, मला घास गोड लागेना. मी ओढा पाहिला होता दसऱ्याच्या सुमारास, तेव्हा तिथं हात शिरत नव्हता. मग पाऊस सरला, गवत वाळलं, शेळ्या काठाला आल्या आणि वाट पडली. मी परत गेलोच नाही. बाकीच्या पोरांनी माझ्या नकाशावर भरवसा ठेवला, आणि त्या भरवशापायी त्यांची पाऊण मिनिटं गेली. निर्णय चुकला म्हणून कुणी हरलं तर ते खेळातलं हरणं. इथं चूक माझी होती आणि किंमत मोजली त्यांनी. सोमवारी संध्याकाळी जाऊन ती वाट बारीक तुटक रेघेने नकाशात घातली. यापुढे शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सगळा कोर्स पुन्हा पायाखाली घातल्याशिवाय छपाईला द्यायचा नाही, हे ठरवून टाकलंय.

आठव्या कंट्रोलवरही गडबड झाली. येणारे आणि निघणारे एकाच चिंचोळ्या वाटेवर समोरासमोर. परतणारा दिसला की नव्याला नकाशा बघायची गरजच उरली नाही. पुढच्या वेळी तो झेंडा तालीच्या पलीकडे हलवतो. झेंडे मात्र फक्कड झालेत. युनिफॉर्म शिवणाऱ्या ओळखीच्या कारखान्यातून केशरी-पांढरं उरलेलं कापड मिळालं, तीस सेंटिमीटरचे चौकोन तिथंच शिवून घेतले.

पाकिटात दोन कागद आहेत. पहिला कोरा नकाशा, शेळ्यांची वाट नसलेला, रविवारी सगळ्यांना दिला तसाच. पेन्सिल घे आणि दोन ते तीन, पाच ते सहा, तू कुठून गेला असतास ते काढ. दुसऱ्या कागदावर सगळ्यांच्या वाटा आणि वेळा आहेत. तो घडी घालून चिकटवलाय, तुझी रेघ काढून झाल्याशिवाय उघडू नकोस. आणि पहिला कागद मला परत पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच