सई, ढब्बूच्या लिलावानंतर तू काही बोललीच नाहीस

सई बाळा,

तुला डेव्हिसला कॉलेजात सोडून आलो त्याच रात्री लिहायला बसलो होतो पण आईने लॅपटॉप बंद करायला लावला, म्हणाली पोरगी अजून खोलीत सामान लावतेय, लगेच पत्र कसलं. फोनवर तू "ऑल गुड बाबा" म्हणतेस आणि माझं पुढचं सगळं घशातच राहतं. म्हणून मराठीत लिहितोय, रविवारच्या शाळेचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

आधी कामाचं. आपल्या ढब्बू बोकडाला फेअरमध्ये ज्यांनी घेतलं त्यांना थँक यू लेटर गेलं का? ते गेल्याशिवाय चेक सोडत नाहीत, तुमच्या फोर-एच क्लबच्या, त्या जनावरं पाळायला शिकवणाऱ्या मुलांच्या क्लबच्या, लीडरबाईंचा परत मेसेज आलाय.

आता बाकीचं. लिलावाला तू रिंगमध्ये आलीस, पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, गळ्यात फोर-एचचा हिरवा स्कार्फ, आणि तो लिलाववाला एवढा धडाधड बोलत होता की मला आकडेच कळेनात, नुसतं "येप, येप" ऐकू येत होतं आणि पाउंडामागे भाव चढत होता. बाजारात बोकडाला कोण देतं एवढे पैसे, पोरांच्या कॉलेजला हातभार म्हणून इथले दुकानदार मुद्दाम चढ्या भावाने घेतात हे मला माहीत होतं, तरी छाती फुगली. निमूने व्हिडिओ काढता काढता फोन पाडला. तू मात्र ढब्बूची मान वर धरून, गुडघा त्याच्या छातीला टेकवून, हसत उभी. फोटो झाला, कुणीतरी त्याच्या पाठीवर रंगाची रेघ ओढली, तू त्याची कॉलर काढून खिशात घातलीस आणि म्हणालीस, चला फनेल केक खाऊ.

रडली नाहीस. बार्नमध्ये तुझ्या शेजारचा तो उंच मुलगा डुकराच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होता, वडील त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, आणि खरं सांगू, मला त्या बापाचा हेवा वाटला.

आजीला बघ. माळकरी बाई. ढब्बू आणला तेव्हा तिने विचारलं होतं, मोठा झाल्यावर हा जातो कुठं, आणि कुणीच उत्तर दिलं नाही तेव्हा तिचं तिला कळलं. तरी सुनोलच्या गोठ्यावर तुझ्याबरोबर पेंढा बदलायला यायची. लिलावाच्या दिवशी तिने उपास धरला होता, आईला सुद्धा संध्याकाळी कळलं. पण फेअरच्या स्पर्धेत ठेवलेल्या तिच्या गोधडीचा विषय निघाला की अजून खुलते. क्विल्टच्या हॉलमध्ये त्या पांढरे हातमोजे घातलेल्या बाई कड उलटून टाके दाखवत होत्या तर आजी म्हणाली, अगं हात लाव की बिनधास्त, धुऊन आणलीय. दुसऱ्या नंबरची लाल रिबन तिने देव्हाऱ्यात ठेवलीय. आणि मग 1858 पासूनच्या त्या घोड्यांच्या ट्रॅककडे बघत थर्मासातला चहा प्यायलो आपण, तेव्हाही तू गप्पच होतीस.

तुला पुसेगावचं सांगितलंय का कधी? मी आठवीत होतो. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आबांनी खिलार खोंड विकला, वासरू होता तेव्हापासून वाढवलेला. हेड्याने, म्हणजे दलालाने, रुमालाखाली आबांचा हात धरला, बोटं दाबून सौदा झाला, शेजारी उभा असून मला भाव कळला नाही. गिऱ्हाइकाने नवं दावं बांधलं, आबांनी आपलं जुनं सोडून खांद्यावर टाकलं आणि मला रथ दाखवायला घेऊन गेले. नोटांच्या माळांनी मढलेला रथ, आबांनीही दहाची एक नोट लावली. येताना गप्प. घरी येऊन गप्प. नंतर कितीतरी दिवस पहाटे वैरण घेऊन त्या रिकाम्या गव्हाणीपर्यंत जायचे आणि तशीच परत आणायचे. त्यांना कुणी विचारलं नाही, आमच्याकडे विचारायची पद्धतच नव्हती. तुझं नाक आजीचं आहे असं सगळे म्हणतात, पण हे गिळून टाकणं आबांचं आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.

तुला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. तिथे रोज काहीतरी दगावणार, कधी तुलाच सुई देऊन संपवावं लागेल, मालक रडेल, तू धीर देशील, पण तुझं काय? माणसाने वेळच्या वेळी बोलावं, रूममेटशी बोल, तिथे काउन्सेलर असतात त्यांच्याकडे जा, सगळं मनात साठवलं की... झालं परत लेक्चर. सॉरी. आई म्हणालीच होती, लिहिशील आणि भाषण देशील.

तुझं रेकॉर्ड बुक वाचलं मी, टेबलावरच राहिलं होतं. रोजचा खुराक, वजन, जंताच्या औषधाच्या तारखा, सेंटासेंटाचा हिशोब. माझ्या ऑफिसात कुणी एवढं नीट लिहीत नाही गं, मी दोघा-तिघांना दाखवलं सुद्धा. पण शेवटी काय शिकलात म्हणून विचारलंय तिथे पण तू खुराकाच्या भावाबद्दलच लिहिलंयस. ढब्बूबद्दल एक ओळ नाही.

निमूला पुढच्या वर्षी मेंढी पाळायचीय, आई नको म्हणतेय, मी म्हटलं ताईला विचारू. तुला काय वाटतं ते खरं खरं सांग, त्याला बरं वाटावं म्हणून नको. गुरुवारी लॅब संपली की फोन कर. आणि हे वाचून झाल्यावर नुसतं "ओके बाबा" पाठवू नकोस.

बाबा