टेबल घ्यायला जाताना मुलाला सोबत न्या

संपादक साहेब, नमस्कार,

जून जवळ आलाय, दप्तर, वह्या, रेनकोटसोबत बऱ्याच घरी यंदा "स्टडी टेबल घेऊन टाकू" हे पण चालू असेल, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी लेक तिसरीत गेली तेव्हा आम्ही टेबल आणलं. दुकानदार म्हणाला, ताई, दहावीपर्यंत बघायला नको, आणि आम्हालाही पटलं, एकदाच काय ते पैसे जातील. गुलाबी सनमायका, वर शेल्फ, खाली ड्रॉवर, सगळं छान, फक्त लेकीला सोबत नेलं नव्हतं. महिन्याभरात ती परत पलंगावर पालथी पडून होमवर्क करायला लागली, मी रोज ओरडायचे की एवढं टेबल घेतलं आणि तू इथे लोळतेस. एक दिवस शेजारी बसून नीट बघितलं तर खांदे पार कानाशी गेलेले, पाय लोंबकळतायत आणि वही अगदी नाकाला लागलेली. फार वाईट वाटलं हो, पोरगी आळशी नव्हतीच, तिला तिथे बसताच येत नव्हतं.

मग टेप आणून मोजलं. टेबल 30 इंच म्हणजे मोठ्या माणसाचं, आणि ती 4 फूट. युरोपात शाळेच्या टेबलखुर्च्यांसाठी ईएन 1729 नावाचं मानक आहे, त्यात एवढ्या उंचीच्या मुलाला टेबल 59 सेंटीमीटर आणि खुर्चीची बैठक 35 सेंटीमीटर धरलीय, म्हणजे साधारण 23 आणि 14 इंच. आमचं सात इंच जास्त! पार्टिकल बोर्ड असल्यामुळे पाय कापायला सुतार तयार होईना, शेवटी खुर्चीवर तीन इंची घट्ट फोमची गादी टाकली आणि पाय टेकायला त्याच्याकडूनच सात इंची बुटकं स्टूल ठोकून घेतलं, आता तासभर बसते. दिवा मात्र डाव्या बाजूला फिक्स आहे आणि लेक डावखुरी, त्यामुळे हाताची सावली बरोब्बर अक्षरावर पडते, हे पण घेताना डोक्यात आलं नाही.

बघायचं एवढंच, मूल पाठ टेकून बसलं, हात खाली सोडून कोपरात वाकवला की टेबल कोपराच्या लेव्हलला किंवा बोटभर वर यावं, आणि पावलं पूर्ण टेकावीत. घरात जागा नसेल तर टेबलाचा हट्टच नको, पूर्वी पेढीवर मुनीमजींपुढे असायचं तसलं उतरतं डेस्क जमिनीवर मांडी घालून वापरलं तरी मस्त चालतं, वही वर उचलली जाते आणि मान कमी वाकते.

दुकानदारांना विनंती, किमतीच्या लेबलवर टेबलाची उंची आणि ते किती उंचीच्या मुलासाठी आहे ते पण लिहा, "वय 5 ते 15" लिहून काही कळत नाही, पाचवीच्या एकाच वर्गात मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो. आणि तुमच्या पुरवणीत एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून यावर लिहून घेता आलं तर शाळा उघडायच्या आधी घ्या, नंतर सगळ्यांची खरेदी झालेली असते.

एक आई, डोंबिवली